दिवस बुडायच्या आत

"माझं मागून."

कुणीही जेवायला बस म्हटलं की ती एवढंच म्हणायची आणि उजवा हात असा उडवायची की माशीच हाकलतेय. तिच्या लेखी भूक ही माशीच होती. हाकलली की थोडा वेळ जाते, पुन्हा येते, पुन्हा हाकलायची. तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई नक्की असेल. नाही असं वाटत असेल, तर आपल्याच घरात जाऊन एकदा नीट बघा.

माझं बेल्ह्यात औषधांचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून पाठीवर कापडाचे गठ्ठे घेऊन आले, वडिलांनी किराणा केला, मी मेडिकल टाकलं. आता आमची भाषा इथलीच. मारवाडी फक्त बायको रागावली की कानावर पडते. दुकानाच्या मागे आमचं घर आणि मधला बोळ ओलांडला की तिचं. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊ आणि माझ्या बायकोला भाभी.

तिचं सासर म्हणजे मोठं शेतकऱ्याचं घर. बैलबाजार घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बाजारच्या दिवशी ओसरीवर पाहुण्यांचा राबता. महाळुंगे पडवळची सोयरी मंडळी टेम्पोतून यायची. डिंभ्याकडची माणसं एसटीचा भरवसा नाही म्हणून आदल्या दिवशीच येऊन पडायची. बैल विकला तरी जेवून जायचं आणि नाही विकला तरी जेवून जायचं. तिच्या सासूबाई, म्हणजे तिच्या भाषेत आत्याबाई, ओसरीवर बसून अभिमानानं सांगायच्या, "आमच्या उंबऱ्यातून उपाशी कुणी गेलं न्हाई." खोटं नव्हतं ते. उंबऱ्याबाहेर जाणारा प्रत्येक जण तृप्त होऊनच गेला. उंबऱ्याच्या आत राहणाऱ्यांबद्दल त्या काही बोलत नव्हत्या.

ती जेवायची ते सगळी भांडी घासून झाल्यावर. उरलेली गार भाकरी, खरवडलेलं कालवण, नसेल तर ठेचा आणि तेल. पहाटे उठून गाईंच्या धारा काढायच्या, दूध डेअरीवर पाठवायचं, म्हणून शेवटचा घास गिळला की लगेच आडवी व्हायची. असं किती वर्षं चाललं ते तिलाच ठाऊक.

जीभ मात्र तिखट. दुकानात आली की म्हणायची, "आत्याबाईंच्या गुडघ्याच्या द्या, ह्यांच्या अॅशिडिटीच्या द्या, आन् बैलाच्या जंताच्या असतील तर त्या बी द्या." मी विचारायचो, "आणि तुमच्यासाठी, वहिनी?" त्यावर हात तसाच उडवायची. नवऱ्याच्या पोटातल्या जळजळीवर ती दर महिन्याला औषध नेत होती. आपल्या पोटातही तेच जळतंय, हे तिला सांगायला कुणी नव्हतं.

पहिला झटका आला तो बाजारच्याच दिवशी, भर दुपारी. पंगत उठली होती. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तिनं ठेच्याचा एक घास तोंडात टाकला आणि तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, "वहिनी, पाणी!" घास तोंडात ठेवूनच ती ओ द्यायला गेली आणि तो भलतीकडे उतरला.

मला बोलवायला माणूस धावत आला. मी जाऊन बघतो तर ती भिंतीला टेकून उभी, दोन्ही हात गळ्यावर, डोळे विस्फारलेले. छाती वरखाली होत होती, पण हवा आत जात नव्हती. घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, मग तोही थांबला. भोवती बैलबाजारातले सगळे जाणकार जमलेले. एकानं फोडलेला कांदा नाकाला लावला. दुसरा म्हणाला, "फिट हाय, चप्पल हुंगवा," आणि आपलीच चप्पल काढून पुढे आला. तिसरा पाठीत गुद्दे घालत होता. आत्याबाई तांब्यानं तोंडात पाणी ओतत होत्या. मी तांब्या हिसकावून घेतला, पण पुढं काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. औषधं विकतो म्हणून मी काही डॉक्टर होत नाही.

मग घसा आपोआप मोकळा झाला. तिनं घेतलेला श्वास ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू आला. घामानं भिजलेली, ओठ काळेनिळे, आणि पहिलं वाक्य काय तर, "तव्यावरची भाकरी करपली का बघा कुणीतरी."

त्यानंतर ते झोपेतही होऊ लागलं. ती धडपडून उठून बसायची, श्वासासाठी तडफडायची. नवरा उठून दिवा लावायचा, आणि दिवा लागून माणसं जागी होईपर्यंत घसा सुटलेला असायचा. आत्याबाईंनी यातून आपला निष्कर्ष काढला. "दिवा लावला की बरी व्हती. मग ह्यो आजार कसला?" घरात शब्द ठरला, सोंग. सोंग नसेल तर बाहेरचं असेल, म्हणून एका देवऋषीकडे नेलं. त्यानं गळ्यात दोरा बांधला आणि रोज झोपताना मंतरलेलं लिंबाचं पाणी प्यायला सांगितलं. आधीच आंबटानं जळणाऱ्या घशावर हा उतारा. झटके वाढले, तेव्हा बाधा जबर आहे असं ठरलं.

शेवटी माझी बायको तिला घेऊन नारायणगावला घशाच्या डॉक्टरांकडे गेली. घरी सांगितलं, साडी बदलून आणायची आहे. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून तिचा घसा तिलाच पडद्यावर दाखवला. परत आल्यावर ती माझ्या काउंटरला रेलून उभी राहिली आणि तिनं मला सगळं सांगितलं. तिच्याच शब्दांत सांगतो, कारण नंतर मी पुस्तकात वाचलं तेही याहून वेगळं नव्हतं.

"भाऊ, घशात दोन पडदे असत्यात. आवाजाचे. बोलताना जवळ येत्यात, श्वास घेताना बाजूला व्हत्यात. माझ्या पोटातलं आंबट वर येतं आन् त्यास्नी चटका बसतो. कधी घास चुकून तिकडं जातो. मग ते घाबरून गच्च मिटत्यात. माझ्याच भल्यासाठी म्हणं. छातीत वाईट काय जाऊ नये म्हणून."

"म्हणजे राखणदारच झाले की."

"लई इमानी राखणदार. चोर शिरू नये म्हणून मालकिणीलाच बाहेर कोंडत्यात." आणि ती हसली.

झटका आला की काय करायचं तेही डॉक्टरांनी शिकवलं होतं. घाबरून जोरात हवा ओढायची नाही. ओढली की पडदे आणखी आवळतात. तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास घ्यायचा आणि ओठ बारीक करून फुंकर घातल्यासारखा सोडायचा. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागे एक खळगा असतो, तिथं दोन्ही बाजूंनी बोटं जोरात दाबायची. पाणी पाजायचं नाही, पाठीत मारायचं नाही. बहुतेक वेळा मिनिटाभरात घसा सुटतो. हे झालं झटक्यापुरतं. तो येऊच नये म्हणून सकाळी अनशेपोटी गोळी, बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा, तिखट कमी. आणि मुख्य औषध म्हणजे झोपायच्या तीन तास आधी जेवण.

"बाकीचं समदं जमंल, भाऊ," ती म्हणाली. "फुंकर तर चुलीपुढं जन्मभर घातली. जेवायचं तेवढं अवघड हाय."

मला वाटलं ती गंमत करतेय. इतकं फुकटचं औषध मी माझ्या दुकानात कधी पाहिलं नव्हतं.

घरी गोळी चालली. विटाही चालल्या. जेवण चाललं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "बाप्ये जेवायच्या आधी सून ताट वाढून घ्यायला लागली तर लोकं काय म्हंतील?" हे लोक कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. मी इतकी वर्षं बेल्ह्यात राहतो, कुणाची सून किती वाजता जेवली यावर बोलणारा माणूस मला भेटलेला नाही. पण त्या लोकांची भीती घराघरात आहे. आणि खरं सांगायचं तर उघड नाही कुणीच म्हणालं नाही. फक्त ती ताट घेऊन बसली की कुणाला तरी पाणी लागायचं, कुणाला तरी टॉवेल सापडायचा नाही, कुणी तरी म्हणायचं, "चहा टाकती का गं, पावणं आलंत." दोनचार दिवसांत तिनं ताट मांडणं सोडलं.

तेव्हा माझ्या बायकोनं तोड काढली. आम्ही जैन, आमच्यात सूर्य मावळल्यावर तोंडात अन्न घालत नाहीत. आई हे धर्म म्हणून पाळायची, मी सवय म्हणून पाळतो. बायको तिला म्हणाली, "आमची पानं उजेडातच मांडतात. एक जास्त मांडीन. तुम्ही या."

मग रोज उन्हं उतरली की विरजणाची वाटी घेऊन ती बोळ ओलांडायची. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. ही भांडं दाखवून जेवण लपवत होती. मी त्या वेळी दुकानात असायचो, त्यामुळे ती काय खायची, कशी खायची, ते बायकोलाच माहीत. मला दिसायचं ते एवढंच, की जाताना ती दुकानाच्या मागच्या दारात क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "भाऊ, मी आता निम्मी मारवाडी झाले बघा."

झटके थांबले. कांद्याची लावण झाली, कांदा काढून झाला, तोवर एकही आला नाही. आवाजातली घरघर गेली. तोंडावर तकाकी आली. एकदा दुकानात एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली, तर ही पुढं होऊन त्याला म्हणाली, "आजा, ओढू नगा, फुका. हळू फुका." म्हातारा शांत झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं गिऱ्हाईक म्या तपासलं. माझी फी द्या." मी तिला खोकल्याची गोळी दिली. ती चघळत गेली. तिला इतकी खुशीत मी फार वेळा पाहिलेलं नाही.

एका बाजारच्या दिवशी कुणी पाहुणा ओसरीवर थट्टेत बोलून गेला, "वैनीबाई हल्ली शेठच्या पंगतीला असत्यात वाटतं." त्याला काय, बैल बघायला आलेला, जेवला, बोलला, गेला. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा माझ्या दुकानात आला. गिऱ्हाइकं जाईपर्यंत गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करत बसला.

"शेठ, आपला शेजार लई जुना हाय," तो म्हणाला. "पण आमची बाई तुमच्यात जेवती म्हणल्यावर आमी काय समजायचं? आमच्यात दाणं न्हाईत का?"

"दाणे आहेत. तिच्यासाठी वेळ नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे तिला घरातच दिवसाउजेडी जेवू दे. डॉक्टरांनी सांगितलंय. आईला सांग तुझ्या."

त्यानं हातातलं पाकीट जागेवर ठेवलं. मग म्हणाला, "आईला कोण सांगणार?"

हा माणूस बाजारात मारक्या बैलाच्या शिंगाला हात घालायचा. लोक त्याला त्यासाठी बोलावून न्यायचे. मी त्याला बरंच बोललो, आवाज चढवून बोललो. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग आईच्या गुडघ्याच्या गोळ्या घेऊन गेला.

त्या संध्याकाळी ती बोळाच्या पलीकडूनच म्हणाली, "भाभी, विरजण आता घरीच लागतंय." बायकोनं आत येऊन मांडलेलं जास्तीचं पान उचललं.

पुढच्या महिन्यांत ती पुन्हा वाळत गेली. आवाज बसला. झटके येतात का विचारलं तर म्हणायची, "आलं तर फुकते." मग पोटात कळा सुरू झाल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन ठरलं, तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात. आदल्या दिवशी तपासणीला मीच माझ्या गाडीतून सगळ्यांना घेऊन गेलो. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण नीट विचारणाऱ्या. वहिनीनं घशाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. असा लवकर मिटणारा घसा असला की पोट रिकामं असणं फार महत्त्वाचं. भुलेत अन्न वर आलं तर पडदे मिटतील, नाहीतर ते छातीत उतरेल. रात्री जेवलात की त्यानंतर काही नाही. सकाळी पाणीसुद्धा नाही." वहिनी, तिचा नवरा, आत्याबाई, मी, सगळ्यांनी ऐकलं.

सकाळी पुन्हा माझीच गाडी. आत्याबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेला डबा होता. आमच्यासाठी असेल, असं मला वाटलं. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" वहिनीनं एकदा आत्याबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई." आत नेताना तिनं वळून माझ्याकडे बघून हात हलवला.

पुष्कळ वेळानं भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. मास्क हनुवटीवर उतरलेला. "सकाळी यांनी काय खाल्लं होतं?"

"काय न्हाई," नवरा म्हणाला.

"पोटातून अन्न वर आलंय. घसा मिटला. दाबानं ऑक्सिजन दिला, पडदे सैल पडायचं इंजेक्शन दिलं, घसा उघडला. पण बरंच फुफ्फुसात गेलंय. काय खाल्लं होतं?"

आत्याबाई पुढं झाल्या. त्यांना काही लपवायचं नव्हतं. "जेवण न्हाई, डॉक्टरबाई. परसाद व्हता. देवापुढं शिरा केला व्हता, साजूक तुपातला. एवढ्या मोठ्या कामाला निघालेलं माणूस, तोंड गोड न करता कसं धाडायचं? पाणी म्या थेंबभर दिलं न्हाई. ती नगं नगंच म्हणत व्हती. म्या म्हणलं, आज तू सगळ्यांच्या आधी खायाचं. शेठ गाडी लावाया, ल्योक कागदं कराया गेला, तवा डबा उघडून माझ्या हातानं चारला. डोळ्याला पाणी आलं तिच्या."

डॉक्टरबाई भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसल्या.

मी त्या बाईला, आत्याबाईंना, माफ केलेलं नाही. आणि त्यांच्यावर धड रागावताही येत नाही, हा त्याहून मोठा ताप. आयुष्यभर सुनेला शेवटी जेवू घातलं ते रीत म्हणून, आणि एकदाच आधी जेवू घातलं ते माया आली म्हणून. ही माया अशी अवेळी, नको तेव्हा कशी यायची? आणि वहिनीनं सिस्टरला खोटं का सांगितलं? मला विचाराल तर, त्या घरात तिला पहिल्यांदा कुणी पहिला घास दिला होता. ज्यानं दिला तो माणूस शेजारी उभा होता. त्याची चुगली तिच्यानं झाली नाही. दुसरं कारण मला सापडत नाही, आणि सापडलं तरी काय उपयोग.

तिला पुण्याला हलवलं. काही दिवस मशीनवर होती. मग गेली. ते आवाजाचे पडदे, ज्यांनी इतकी वर्षं छळलं, ते शेवटी उघडेच होते. नळी घालून उघडे ठेवले होते.

गावात फ्लेक्स लागला. खाली सगळ्या भावकीची नावं, मध्ये तिचा लग्नातला फोटो, आणि वर मोठ्या अक्षरांत 'अन्नपूर्णा'. तो दिसू नये म्हणून मी दुकानात पुढून न जाता मागच्या दारानं शिरू लागलो.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तिचा नवरा आमच्या मागच्या दाराशी आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. आत ये म्हटलं तर आला नाही.

"शेठ, उद्या दहावा," तो म्हणाला. "पानावर तिच्या आवडीचं ठेवायचं असतंय. त्याबिगर कावळा शिवत न्हाई. आईला इचारलं, तिला ठावं न्हाई. मला बी..." त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. "भाभींना इचारा ना. तिला खायाला काय आवडायचं?"

बायको आतूनच ऐकत होती. ती दारापर्यंत आली. मला वाटलं, आता मारवाडीत काही तरी ऐकावं लागणार. पण ती अगदी शांतपणे मराठीत बोलली.

"गरम भाकरी. आणि ती खाऊन होईपर्यंत कुणी हाक मारायची नाही."

त्यानं मान डोलावली. "भाकरीचं बघतो," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी घाटावर मी एका कडेला उभा होतो. मोठी गर्दी होती, प्रवचनासाठी आणलेला माइक चालूच होता. पिंडाशेजारी पान मांडलं. पानावर भाकरी होती, पुरणपोळी होती, बुंदी होती, शिरासुद्धा होता. कावळे पलीकडच्या बाभळीवर बसून बघत होते, एकही खाली उतरेना. मग आधी आत्याबाईंनी, मग नवऱ्यानं, मग माइकवरून कुणीतरी आणि मग सगळ्या घाटानं मिळून तिला हाका मारायला सुरुवात केली.